पोर्तुगीज पाटी आणि बाबांची दस्ती

जालन्याच्या बसस्टँडवर राजूरची गाडी लागली की मी आधी खिडकीतून दस्ती टाकते आणि मग दारातून चढते. दस्ती म्हणजे आमच्याकडचा मोठा चौकोनी रुमाल. घाम पुसायला, डोक्याला बांधायला, डब्याखाली अंथरायला, सगळ्याला चालतो. एकदा ती सीटवर पडली की सीट आपली. हा नियम कुठल्याही तिकिटावर छापलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला गाडीतले पन्नास लोक सरळ करतात. राजूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे रोजचा हा खेळ मला चांगला जमतो.

एका चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या माणसांनी गाडी खचाखच भरली होती. मी धक्के खात आत पोहोचले तर माझ्या सीटवर एक काका नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. माझी दस्ती त्यांनी घडी करून समोरच्या दांडीला अडकवली होती.

"काका, ती सीट माझी आहे."

"तुमचं नाव तं न्हाई लिहिलेलं बाई. नुस्ता रुमाल व्हता."

"नुसता रुमाल? रुमाल म्हणजे मी. तुम्ही मला उचलून दांडीला टांगलंय."

गाडीत हशा पिकला. कंडक्टरनं माझ्या बाजूनं निकाल दिला आणि काका कुरकुरत उठले. मी अर्ध्या वाटेपर्यंत ताठ बसून होते, आणि मग त्यांच्या मांडीवरचे नारळ बघून मला लाज वाटली आणि मी सरकून त्यांना अर्धी सीट दिली. माझा स्वभाव असा आहे. आधी भांडण, मग जागा. हे मी आत्ता का सांगते आहे ते पुढं कळेल, कारण दस्तीचा मान मला इतका ठाऊक असूनही पुढं काकांचीच चूक मीही केली.

आधी पोर्तुगीजचं सांगते. लॉकडाउनमध्ये शाळा बंद होती, घरात बसून माझं डोकं सटकायला लागलं होतं, म्हणून मी ऑनलाइन पोर्तुगीज शिकायला घेतलं. गोव्याच्या एक वयस्कर बाई शिकवायच्या. पोर्तुगीजच का, याला माझ्याकडं एवढंच उत्तर आहे की त्या वर्गात जागा शिल्लक होती. मस्तगडातल्या आमच्या गल्लीत बातमी पसरली की मास्तरीणबाईचं गोव्यात कुठंतरी जमलंय. आईनं एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "ही भाषा कोण बोलतंय गं?"

"ब्राझीलचे लोक. मोझांबिकचे लोक. अंगोलाचे."

"मंग ते येणार हाईत का जालन्याला?"

"नाही."

"तू जाणार हाईस का तिकडं?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली आणि भाकरी उलटली. आई कुणालाच यापेक्षा जास्त टोचून बोलत नाही, आणि तेवढं पुरतं.

चार वर्षं मी ती भाषा जपली आणि तिचा कुणालाही काही उपयोग झाला नाही. गाडीत उभ्या उभ्या मी क्रियापदं पुटपुटायचे आणि शेजारच्या बाया समजायच्या की ही जप करते आहे.

माझे बाबा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. तिथं बियाणं चाळून साफ करायची मशीनं बनतात. जालन्यात बियाण्याचा धंदा मोठा, त्यामुळे अशा मशीनना गिऱ्हाईक कमी नसतं. एकेक मशीन छोट्या खोलीएवढं असतं. आत एकाखाली एक हलणाऱ्या चाळण्या, बाजूला मोठा पंखा, पट्टे आणि पुल्या. चाळण्या बसवायच्या किंवा बोल्ट आवळायचे तर माणसाला खांद्यापर्यंत आत शिरावं लागतं, कधी पुरतं आत. बाबा या धंद्यात चौतीस वर्षं आहेत आणि त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. हे त्यांच्या धंद्यात किती मोठं आहे ते त्यांच्या जोडीदारांशी हात मिळवला की कळतं.

मी लहान असताना बाबा संध्याकाळी घरी आले की उंबऱ्यातच दोन्ही पंजे पुढं करायचे. मी एकेक बोट धरून मोजायची. दहा झाली की ते म्हणायचे, "बराबर." मगच चपला काढायचे. मला तो खेळ वाटायचा. आई मात्र चुलीपाशी हातातलं काम थांबवून ऐकत असायची, हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर लक्षात आलं.

तर गेल्या वर्षी बाबांच्या शेठना मोझांबिकच्या एका शेतकरी सहकारी संस्थेची ऑर्डर आली. एक मशीन बोटीनं पाठवायचं आणि ते जोडून द्यायला एक मिस्त्री पाठवायचा. शेठनी बाबांचं नाव दिलं. बाबा तोवर पुण्याच्या पलीकडं गेले नव्हते. खरेदी करणाऱ्यांची अट होती की मशीनवरच्या धोक्याच्या आणि सूचनेच्या सगळ्या पाट्या पोर्तुगीजमध्ये हव्यात. शेठनी त्या मोबाईलवरून करून घेतल्या. संस्थेच्या तिकडच्या सल्लागार बाईंनी त्या सगळ्या चुकीच्या म्हणून परत पाठवल्या. मग बाबांनी जरा घुटमळत सांगितलं की आमच्या घरी एक जण आहे.

शेठ स्वतः मस्तगडात आमच्या घरी आले. चहा घेऊन म्हणाले, "मॅडम, आमची इज्जत तुमच्या हातात. पाट्या पास झाल्या तरच मशीन बंदरावर जाईल. बिलकुल घाई नाही, पण जल्दी द्या."

यादी इंग्रजीत होती, चौदा ओळींची. तेरा ओळी मी एका दुपारी उरकल्या. हात घालू नका, पट्टा फिरतो आहे, कानाला संरक्षण वापरा, असलं सगळं. चौदावी पाटी मुख्य स्विचवर लावायची होती. कुणी मशीनच्या आत काम करत असताना ती फिरवून मजकुराची बाजू समोर आणायची, म्हणजे बाहेरचा माणूस स्विच दाबणार नाही. तिच्यावर लिहिलं होतं, ऑल ॲक्टिव्हिटीज हॉल्टेड अंटिल फर्दर नोटीस. म्हणजे पुढील सूचना मिळेपर्यंत सर्व कामकाज थांबवण्यात आले आहे.

बघायला गेलं तर सोपं वाक्य. सरकारी कचेरीच्या दारावर असतं तसलं. पण मी अडकले, आणि का अडकले ते सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. त्या मशीनच्या पोटात माझे बाबा असणार होते आणि स्विचपाशी एक शब्द मराठी न येणारं कुणीतरी उभं असणार होतं. त्या दोघांच्या मधे असणार होती ती माझी ओळ.

थांबलेल्या कामासाठी पोर्तुगीजमध्ये तीन-चार शब्द सापडले. एक होता पारालिज़ादश. तो मला मुळीच आवडला नाही, कामाला लकवा मारल्यासारखा वाटला. दुसरा पारादश, तो फारच साधा. तिसरा इंतेरोंपीदश, म्हणजे मधेच तोडलेलं. चौथा सुश्पेंसश, तहकूब. मी गोव्याच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पहिला शब्द कामगार संपावर गेले की वापरतात, शेवटचा सरकारी नोटिशीत शोभतो, आणि मुली, एका पाटीसाठी तू माझी दुपारची झोप मोडलीस. मी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी फोन केला.

आठवडाभर घरात तोच विषय. जेवताना मी बाबांना मराठीत वाक्य ऐकवलं. "पुढील सूचना मिळेपर्यंत सर्व कामकाज थांबवण्यात आले आहे. कसं वाटतं?"

बाबांनी घास गिळला. "कोण थांबवलं?"

"ते महत्त्वाचं नाही बाबा. थांबवलंय, एवढंच सांगायचंय."

"अन् पुढची सूचना कोण देणार हाय?"

"जो कोणी अधिकारी असेल तो."

"मंग मला तं काही कळून न्हाई राह्यलं," बाबा म्हणाले. "अशी पाटी आमच्या वर्कशॉपला बी हाय. शेठनं मोठ्या हौसेनं रंगवून आणली. तवापासून ती तशीच लटकून राह्यली. मशीन चालू असलं तरी पाटी म्हणती काम बंद. तिच्याकडं कोण बघतंय?"

मला राग आला. मी म्हटलं, तुमच्याकडं शिस्त नाही म्हणून पाटीला नावं ठेवू नका, शब्द बरोबर असले की माणूस वाचतो. बाबा हसले आणि त्यांनी ताक मागितलं. आई म्हणाली, "तिच्या भाषेला काही बोलू नका, चार वर्सांनी तिला गिऱ्हाईक भेटलंय."

रविवारी पाट्यांचं माप घ्यायला मी वर्कशॉपमध्ये गेले. रविवार असूनही काम चालू होतं, कारण मशीनची चाचणी राहिली होती. शेडमध्ये बाबा आणि वेल्डिंगचं काम करणारे चाचा एवढे दोघंच. मी पोहोचले तेव्हा दोघंही दिसेनात. मशीन मात्र उभं होतं, हिरवा रंग लावलेलं, नवं कोरं. मला अभिमान वाटला. जिथं माझी चौदावी पाटी लागणार ती जागा शोधत मी पॅनलपाशी गेले. मुख्य स्विचवर एक कळकट दस्ती लटकत होती, ग्रीस आणि काजळीनं माखलेली.

मी ती काढली. माप घ्यायचं होतं, फोटो काढायचा होता, आणि खरं सांगायचं तर नव्या मशीनवर ते फडकं मला बघवत नव्हतं. घरी नेऊन सोड्यात भिजवावी म्हणून मी तिची घडीही केली. मग पिशवीतून टेप काढली आणि माप लिहायला वहीत मान घातली.

चाचा बाहेर चहा प्यायला गेले होते. ते आले, त्यांनी लांबून पॅनलकडं नजर टाकली, स्विच मोकळा दिसला आणि ते चाचणी घ्यायला सरळ पुढं आले. "सलाम बेटी, जरा बाजू हो," म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. मी बाजूला झाले. त्यांचा हात स्विचपासून वीतभर असेल, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या घडीकडं गेलं. घडीच्या वरच्या टोकाला हिरव्या दोऱ्याचा टाका होता. दोरीवर वाळत घातलेल्या दस्त्या शेजाऱ्यांच्यात मिसळतात म्हणून आई बाबांच्या प्रत्येक दस्तीला तो टाका घालते.

चाचांनी असा आवाज काढला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "मिस्त्री! अंदर है क्या?"

"हाव," मशीनच्या आतून बाबा म्हणाले. "काहून?"

चाचा खाली बसले. जमिनीवरच बसले. माझ्या हातातली टेप सुटून घरंगळत गेली. मला काय झालं ते कळलं होतं आणि तरी कळत नव्हतं. बाबा आधी पाय, मग कंबर असे मागे मागे सरकत बाहेर आले, चाचांकडं बघितलं, मोकळ्या स्विचकडं बघितलं आणि मग माझ्या हातातल्या घडीकडं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त घडी माझ्या हातातून घेतली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

मग चाचांनी मला त्यांचा नियम सांगितला. जो आत जातो तो स्वतःची दस्ती स्विचवर टाकतो. ज्यानं टाकली त्यानंच काढायची. शेठ आले तरी त्यांनी हात लावायचा नाही, वीज कंपनीचा साहेब आला तरी नाही. जेवायची वेळ झाली, माणूस दस्ती विसरून घरी गेला, तरी त्याला घरून बोलवायचं, पण ती काढायची नाही. एकदा तर बाबा दस्ती विसरून एका लग्नाला गेले होते आणि त्यांच्यासाठी मांडवात मोटारसायकल पाठवली होती. या नियमावर त्या शेडमध्ये पिढ्या निघाल्या. आणि पाटी? ती कोपऱ्यात लटकत होती, कोळिष्टकांसकट.

मी रडले. चाचांनी मला पाणी दिलं आणि त्यातलं अर्धं स्वतःच प्यायले. बाबा जवळ येऊन बसले.

"माय, राजूरच्या गाडीत तुही दस्ती कोणी उचलली तं तू त्याला सोडशील का?"

मी मान हलवली.

"मंग?" बाबा म्हणाले आणि दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. मी रडत रडतच मोजले. दहा झाले. "बराबर," ते म्हणाले. "आता घरी हे सांगू नको. तुही माय मला कुठंच जाऊ न्हाई देणार."

आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. मला पोटात काही ठेवता येत नाही. आई दोन दिवस दोघांशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाजारातून सहा नव्या दस्त्या आणल्या, लाल चौकटीच्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात हिरवा टाका घालायला बसली. त्यावरून आम्ही समजलो की बाबांना जायला परवानगी आहे.

मी चौदावी पाटी पुन्हा हातात घेतली. आता मला वाक्यात माणूस हवा होता. मी मूळ ओळीखाली एक ओळ वाढवली: मी आत आहे, मशीन मीच चालू करणार. सल्लागार बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मजकूर ठरलेला आहे, त्यात शब्दही वाढवता येणार नाही. मी चिडून लांबलचक पत्र लिहिलं, मग खोडलं, मग दुसरं लिहिलं, तेही खोडलं. बाबांनी माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "शब्द वाढवायला मनाई हाय का?"

"हो."

"हूक लावायला?"

मी अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. हुकाबद्दल कुठंच काही नव्हतं.

चाचांनी पाटीच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध, बोटाएवढा जाड हूक जोडला. तो जोडताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. मी सुश्पेंसश हा शब्द ठेवला. वाक्य अगदी जसंच्या तसं, सरकारी, कुणालाही बोट ठेवता येणार नाही असं. पण मशीनच्या माहितीपुस्तकाला एक पान जोडायला परवानगी होती. त्या पानावर मी साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिलं की आत जाण्याआधी आपलं स्वतःचं फडकं, रुमाल, जे काही असेल ते हुकावर टाकावं. ते ज्याचं आहे त्याच्याशिवाय कुणीही काढू नये, मालकानंसुद्धा. का, तर ते फडकं म्हणजे तो माणूस आहे. ही शेवटची ओळ मी गोव्याच्या बाईंना वाचून दाखवली. त्यांनी ती मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, ही राहू दे. त्या दिवशी त्यांनी झोपेबद्दल तक्रार केली नाही.

सल्लागार बाईंनी विचारलं, हा हूक कशाला. मी ते पान पाठवलं. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं: समजलं. पाट्या पास झाल्या. शेठनी सगळ्या वर्कशॉपला भजी खाऊ घातली.

मशीन बोटीनं पुढं गेलं आणि दोन महिन्यांनी बाबा विमानानं मागून गेले. त्यांच्या बॅगेत सहा दस्त्या, शेंगदाण्याची चटणी, आणि बोल्ट आवळायचे दोन लोखंडी पाने, जे ते कुणाला हात लावू देत नाहीत. मी त्यांना बोंदीअ आणि ओब्रिगादु शिकवलं, सकाळचा नमस्कार आणि आभार. चौदावी पाटीही पाठ करून घ्यायचा प्रयत्न केला. "तोदश अश अतिविदादश," मी म्हणायची. बाबा म्हणायचे, "तोंडात अडकती गं. अन् मला कशाला? मी तं आत असणार."

ते गेल्यावर पहिल्या आठवड्यात फोन आला. सगळं बरं होतं. भात मिळत होता, आणि मक्याच्या पिठाचं पिठल्यासारखं घट्ट काहीतरी मिळत होतं, त्यावर ते चटणी घालून खात होते. मशीन चालवायला तिथं एक बाई नेमली होती. "ऑपरेटर बाई हाय. धिप्पाड. आपल्या चाचापेक्षा जबर. तू लिहिलेलं ते पान तिनं सगळ्याईला मोठ्यानं वाचून दाखवलं."

"मग?"

"सगळे हसले."

"हसले? का हसले?"

"आता ते मला काय कळणार, माय," बाबा म्हणाले आणि रेंज गेली.

पुढचे तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. ते हसले होते. माझं पान त्यांना येडेपणा वाटलं होतं. वर्गात मी पोरांवर उगाच ओरडले, गाडीत दस्ती टाकायला विसरले आणि राजूरपर्यंत उभी गेले. माझ्या हातात आता काहीच उरलं नव्हतं. वाक्य पाटीवर होतं, पाटी समुद्रापलीकडं होती आणि बाबा त्या मशीनच्या आत शिरत होते. आई रोज संध्याकाळी उंबऱ्याकडं एकदा बघायची.

शनिवारी शाळा सकाळची. मी दोनला घरी आले आणि बाबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडं सकाळ होती. मागं मोठी शेड, पोत्यांच्या थप्प्या, आणि आमचं हिरवं मशीन. इतक्या लांब ते बघून मला गावातलं माणूस भेटल्यासारखं झालं. आई पदराला हात पुसत आली.

"एक चाळणी जराशी हलून राह्यली," बाबा म्हणाले. "दोन मिंटाचं काम हाय. फोन इथं ठेवतो, बघत राह्या." त्यांनी फोन पोत्यांवर टेकवून ठेवला. समोर बरोबर पॅनल दिसत होतं, आणि त्यावर माझी पाटी, निळ्या अक्षरांत. बाबांनी खांद्यावरची लाल दस्ती काढली, हुकावर टाकली आणि ते आत शिरले. पाटी झाकली गेली. पाय दिसत होते, मग तेही दिसेनात.

तेवढ्यात उजवीकडून ती बाई आली. डोक्याला पिवळंजर्द फडकं बांधलेलं, हातात कागद. ती कागद वाचत वाचत थेट पॅनलपाशी आली आणि तिनं हात पुढं केला.

मी किंचाळले. चार वर्षांचं माझं सगळं पोर्तुगीज कुठं गेलं कोण जाणे. "अहो बाई, थांबा! थांबा! आत बाबा आहेत!" आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की त्याचे वळ दोन दिवस राहिले. तिकडं बाजूला दुसरं काहीतरी यंत्र घरघरत होतं, तिला काही ऐकू गेलं नाही.

बाईचा हात दस्तीपर्यंत पोहोचला. दस्ती हुकावरून घसरत होती, एक टोक जवळजवळ सुटलं होतं. तिनं ती दोन्ही हातांनी नीट वर ओढली, मधोमध बसवली, आणि वरून एकदा थोपटली. मग ती वळली, स्विचकडं पाठ केली, हाताची घडी घातली आणि उभी राहिली. पोती घेऊन एक माणूस आला आणि तिला काही बोलला. ती जागची हलली नाही. तिनं फक्त मानेनं मागच्या दस्तीकडं खूण केली आणि तो माणूस हसून लांबून गेला. लग्नाच्या मांडवातली गोष्ट सांगताना चाचा तसेच हसले होते. तेव्हा मला कळलं की ते पहिल्या दिवशी का हसले असतील: फडक्याचा हा नियम त्यांच्याकडंही आधीपासून असणार.

दोन मिनिटांची पाच झाली. बाई तशीच उभी होती. आत्तापर्यंत कुठल्या भिंतीचा मला एवढा भरवसा वाटला नव्हता.

बाबा मागे सरकत बाहेर आले. "ओब्रिगादु," म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दस्ती काढून तोंड पुसलं. मग त्यांना आमची आठवण झाली. ते फोनपाशी आले, आमचे चेहरे बघून जरा गडबडले आणि त्यांनी दोन्ही पंजे पडद्यासमोर धरले. ग्रीसनं काळे झालेले. आईनं मला ढोसलं. मी मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन, आणि नऊला मी अडकले, तेव्हा दहा आई म्हणाली.

"बराबर," बाबा म्हणाले.

मागं ती बाई डोक्यावरचं पिवळं फडकं सोडत होती. तिला बाबांनी बसवलेली चाळणी बघायची होती. तिनं फडकं हुकावर टाकलं, एकदा ओढून बघितलं आणि वाकून आत शिरली. बाबा फोन तसाच ठेवून घाईघाईनं परत गेले.

"तुही पाटी तं एकदाबी नीट दिसली न्हाई," आई म्हणाली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

"असू दे," मी म्हटलं.

बाबांनी स्विचकडं पाठ केली, हाताची घडी घातली आणि ती बाहेर येईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.